अंगठा गेला, ओटीपी आला



मी कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू घरातला. सध्या नवी मुंबईत ऐरोलीला राहून इंजिनिअरिंग शिकतो. ऑनलाइन शिक्षण आणि डिजिटल साक्षरता यांवर सरकार बोलते, विद्यापीठे बोलतात, कंपन्या बोलतात. ज्यांच्या गळ्यात हे बांधले जाते, त्यांच्यातला एक म्हणून मी चार गोष्टी मांडतो.

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटरे आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर माहितीची गोदामे. मोबाईलवर आपण जे पाहतो ते अशाच गोदामांत साठवलेले असते. तिथली वीज क्षणभरही जाऊ देत नाहीत. एक पुरवठा बंद पडला तर दुसरा, तोही गेला तर जनरेटर. आपल्या पंपाची वीज मात्र पाळीने, तीही कधी रात्रीची. माल गोदामात आहे, पण गावापर्यंत रस्ताच नाही.

2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खेड्यातल्या 100 घरांपैकी जेमतेम 4 घरांत संगणक होता आणि 15 घरांत इंटरनेटची सोय होती. शहरात हेच आकडे 23 आणि 42. अशा न नांगरलेल्या रानात मार्च 2020 नंतर ऑनलाइन शिक्षणाची पेरणी झाली. उगवणार काय? घरात मोबाईल एक, शिकणारी भावंडे दोन, आणि तो मोबाईलही बापाच्या खिशात शेतावर. नेटपॅक संपला की तास संपला. 2021 ची दहावीची परीक्षा रद्द झाली. गुणपत्रिका हातात आली, गणित कच्चेच राहिले. पुढे इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा थेट संगणकावर! शहरातली पोरे गणिते सोडवत होती, तेव्हा आमच्यातले कित्येक माऊसशी झटत होते.

म्हणून ऑनलाइन शिक्षण वाईट, असे मी म्हणत नाही. 2017 साली सुरू झालेल्या 'स्वयम्'वर नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात. न समजलेला भाग तीनदा ऐकता येतो. पण अडले तर विचारायचे कोणाला? नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने 1989 पासून दूरशिक्षण दिले, ते नुसती पुस्तके पाठवून नव्हे. सोबत अभ्यासकेंद्रे ठेवली. शंका विचारायला समोर माणूस लागतोच.

आता पाळी तुमची आहे. 2017 च्या कर्जमाफीला ऑनलाइन अर्ज होता. 2021 पासून ई-पीक पाहणी आली. 2025-26 च्या हंगामात सीसीआयला कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. पोराचा तास बुडाला तर धडा बुडतो. तुमची नोंदणी हुकली तर कापूस हमीभाव सोडून खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो. डिजिटल निरक्षरतेची किंमत क्विंटलमागे मोजावी लागते, ती अशी.

पूर्वी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा. आता 'काका, ओटीपी सांगा' म्हणतात आणि आपण सांगून मोकळे होतो. ओटीपी म्हणजे अंगठाच, फक्त बोटाला शाई लागत नाही. काय भरले, कोणत्या गटाचे भरले, किती क्षेत्र लावले, हे स्वतः वाचता येणे म्हणजे डिजिटल साक्षरता. रील पाहता येणे म्हणजे साक्षरता नव्हे.

आपल्याला हे जमायचे नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. तयारी अपुरी होती. निकाल महिनोन्‌महिने रखडले, अखेर कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. जिथे विद्वानांची दमछाक झाली, तिथे शेतकरी अडखळला तर तो अडाणी कसा? शिकवल्यावाचून यंत्र हाती दिले, दोष त्याचा आहे.

1882 साली जोतिराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते: सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांसाठी. आज पाटीच्या जागी पडदा आला, हिशेब तोच आहे.

तेव्हा जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, ज्या योजनेला ऑनलाइन अर्ज आहे, तिला कागदी अर्ज आणि सही-शिक्क्याची पोच मिळालीच पाहिजे. दोन, गावच्या शाळेतला संगणक कपाटातून बाहेर काढून संध्याकाळी मोठ्यांसाठीही खुला करावा आणि शिकवायला माणूस द्यावा. तीन, सुट्टीत गावी येणाऱ्या आम्हा कॉलेजच्या पोरापोरींना कामाला लावा. आमच्याकडून फॉर्म भरून घेऊ नका. शेजारी बसवा आणि तुमच्या बोटाने भरायला शिका. आई-मावशींना आधी शिकवा, कारण घरचा हिशेब त्यांच्याच डोक्यात असतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही येतो आहोत. वेचणीचे दिवस असतील, तरी रात्रीचा एक तास राखून ठेवा.