तपशील चुकला म्हणजे माणूस खोटा नव्हे



किल्लारी भूकंपाच्या आठवणींवरील लेखाला उत्तर देणारे पत्र वाचले. एकाच गल्लीतले दोघे त्या रात्रीची हकिकत वेगवेगळी सांगतात, सबब एक जण थापा मारतो, हा पत्रलेखकाचा निष्कर्ष घाईचा आहे.

मेंदूत घटनेची चित्रफीत साठवलेली नसते. दृश्य, आवाज, भीती यांच्या खुणा वेगवेगळ्या भागांत राहतात. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग त्या एकत्र बांधतो. आठवताना जुळणी नव्याने होते आणि नंतर ऐकलेले, पेपरात वाचलेलेही त्यात मिसळते. १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयान फुटले, तेव्हा मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी हकिकती लिहून घेतल्या. अडीच-तीन वर्षांनी अनेकांनी भलतेच सांगितले, तेही ठामपणे. स्वतःचे हस्ताक्षर दाखवूनही जुनी आठवण परत येईना! हे सगळे लबाड होते काय?

किल्लारीच्या हकिकतींत ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, नुकतेच झालेले गणपती विसर्जन, एवढे मात्र बहुतेकांचे जुळते. कारण ते वर्षानुवर्षे चारचौघांत सांगितले जाते. तसेच आमच्या बिलोली तालुक्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामातले गोविंदराव पानसरे १९४६ साली हुतात्मा झाले. ते पाहिलेले आता कितीसे उरले असतील? पण अर्जापूरचे महाविद्यालय त्यांच्याच नावाचे, म्हणून कालची पोरेही तो प्रसंग सांगतात.

नुकसानभरपाईसाठी पंचनामाच हवा, हे पत्रलेखकाचे म्हणणे रास्त. पण आठवणींच्या सदरात दोन्ही हकिकती छापा, आणि कोणती कोणत्या वर्षी सांगितली तेही खाली द्या.

— एक वाचक, बिलोली (जि. नांदेड)