मालक एकच नको

लहान पतसंस्थेची खतावणी, महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची पुस्तकनोंद, दूध संकलन केंद्रावरची रोजची आवक, हे सारे आज डेटाबेसमध्ये साठते. धाराशिवसारख्या जिल्ह्यातील संस्थांना त्यासाठी लाखोंचे परवाना शुल्क परवडत नाही. मुक्त स्रोत डेटाबेस परवडतो. म्हणून त्याच्या मालकीचा प्रश्न पुणे-बंगळुरूच्या अभियंत्यांवर सोडून चालणार नाही. मुक्त आहे ते कोण हिरावून घेणार, असे अनेकांना वाटते. मायएसक्यूएल या मुक्त स्रोत डेटाबेसचा इतिहास वेगळे सांगतो.

मायकेल विडेनियस, डेव्हिड अ‍ॅक्समार्क आणि अ‍ॅलन लार्सन यांनी 1995 मध्ये मायएसक्यूएलची कंपनी स्थापन केली. पुढे या डेटाबेसची संहिता जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली झाली, पण तिचा स्वामित्वहक्क आणि नाव कंपनीकडेच राहिले. 2008 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी 1 अब्ज डॉलरला घेतली. पुढच्याच वर्षी ओरॅकलने सनच 7.4 अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार केला. महागडे डेटाबेस विकणारी कंपनी आपल्या स्वस्त प्रतिस्पर्ध्याची धनी होणार होती. विडेनियस यांनी जगभरातून सह्या गोळा केल्या, युरोपीय आयोगाने सखोल चौकशी केली. डिसेंबर 2009 मध्ये ओरॅकलने दहा आश्वासने दिली आणि जानेवारी 2010 मध्ये आयोगाने व्यवहाराला संमती दिली. आश्वासनांची मुदत पाच वर्षांची होती, ती केव्हाच संपली. मायएसक्यूएल आजही मुक्त परवान्याखाली मिळते, हे मान्य केले पाहिजे. पण कोणती सुविधा सर्वांना द्यायची आणि कोणती फक्त पैसे भरणाऱ्यांना, हे एकच कंपनी ठरवते.

धाराशिवकरांना हे दुखणे ओळखीचे आहे. ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना कर्जात रुतून वर्षानुवर्षे बंद राहिला आणि पुढे भाडेतत्त्वावर गेला. हजारो ऊस उत्पादक कागदोपत्री मालक होते. निर्णय थकबाकीने घेतला.

संहिता खुली असल्याचा एक मोठा आधार असतोच. विडेनियस यांनी मायएसक्यूएलच्याच संहितेतून मारियाडीबी हा डेटाबेस उभा केला. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च 2024 मध्ये मुक्त परवाना बदलताच आठवडाभराच्या सुमारास लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की हा पर्याय जाहीर झाला आणि 2025 मध्ये रेडिसला पुन्हा मुक्त परवान्याकडे यावे लागले. तरीही वाट वेगळी करणे खर्चाचे असते. मारियाडीबीची कंपनीही 2024 मध्ये के1 या गुंतवणूक संस्थेच्या ताब्यात गेली. मूळ प्रकल्प सांभाळणारे प्रतिष्ठान वेगळे आहे, हे त्यातले भाग्य.

पोस्टग्रेसक्यूएलकडे पाहावे ते यासाठी. 1986 मध्ये बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून हा डेटाबेस निघाला आणि आज त्याचा एकच एक मालक नाही. मुख्य चमूत कोणत्याही एका कंपनीचे निम्म्याहून अधिक लोक असू नयेत, असा तिथला दंडक आहे. 2020 मध्ये ईडीबी या कंपनीने सेकंडक्वाड्रंट ही कंपनी घेतली तेव्हा, दोन्हींचे लोक चमूत असल्याने, हा तोल बिघडला. चमूने लगोलग बाहेरच्या कंपन्यांतील दोन सदस्य घेऊन तो सावरला. सत्ता एकवटण्याआधीच तिला आवर घालणारी ही शिस्त आम्हाला कोणत्याही परवान्याच्या कलमाइतकीच मोलाची वाटते. त्याच ईडीबीचे मोठे कार्यालय पुण्यात आहे. म्हणजे डेटाबेस घडवण्याचे काम आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

केंद्र सरकारने 2015 मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण आणले. ते पुरेसे नाही, कारण ते परवाना पाहते, मालकी पाहत नाही. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि सहकारी संस्थांनी संगणकीकरणाच्या पुढच्या निविदेपासूनच काही अटी घालाव्यात. डेटाबेस एका कंपनीच्या मर्जीवर नसावा. ठेकेदार बदलला तरी सारी माहिती खुल्या स्वरूपात, विनाशुल्क, ठरल्या दिवसांत परत मिळावी आणि ती दुसऱ्या प्रणालीत प्रत्यक्ष भरून पाहिल्याखेरीज अखेरचे देयक निघू नये. परवाना शुल्कात वाचलेल्या पैशांतला काही भाग धाराशिवच्या विद्यापीठ उपपरिसरातील आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना मुक्त स्रोत डेटाबेसच्या प्रकल्पांवर काम करण्यासाठी द्यावा. जिल्हा नियोजन समितीने त्यासाठी येत्या आराखड्यात तरतूद करावी.