मेणबत्तीचा लाकडी स्टँड

वंदनेची मेणबत्ती आपल्या घरांत कशावर लावतात? स्टीलच्या वाटीत, उलट्या पेल्यावर, नाहीतर दोन थेंब मेण सांडून थेट फळीवर. शेजारी कागदी हार, मागे पडदा, खाली प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ. वंदना आटोपून माणसे ड्युटीवर जातात आणि मेणबत्ती मागे जळत राहते. म्हणून या आठवड्यात आम्ही चांगल्या स्टँडविषयी लिहितो आहोत, आणि तोही लाकडी. कारण तो आपल्याच घरातला मुलगा किंवा मुलगी बनवू शकेल.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा आणि वाळूज एमआयडीसीत लेथवर उभे राहणारे किती हात आपल्या वस्त्यांतून जातात, हे वाचक बंधू-भगिनींना सांगायला नको. आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नर ट्रेड केलेली ही मुले लोखंडाचा शाफ्ट नेमक्या मापाला उतरवतात. हेच काम लाकडावर करणारा तो कातारी. पूर्वी हा धंदा जातीत बांधलेला, बापाकडून मुलाकडे जाणारा. ट्रेडचे सर्टिफिकेट जात विचारत नाही.

धम्माच्या ग्रंथांनाही हा कारागीर परका नाही. मज्झिम निकायातील सतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे लक्ष कसे ठेवावे हे सांगताना भगवंतांनी दाखला दिला आहे तो कातार्‍याचाच. पाली शब्द आहे 'भमकार'. लांब ओढ आणि आखूड ओढ यांतला फरक त्याच्या हाताला कळतो तसा श्वास कळावा, असा आशय. त्या दाखल्यात उस्तादाबरोबर त्याच्या शिकाऊ पोरालाही जागा मिळाली आहे, हे आम्हाला विशेष आवडते.

आता काम. लोखंड सगळीकडून सारखे असते, लाकडाला रेषा असतात. रेषेच्या उलट हत्यार घातले की ढलपी निघालीच. साग, शिसव किंवा आंब्याचा वाळलेला तुकडा घ्यावा. ओला तुकडा कातताना गोड वाटतो आणि महिन्याभरात चिरतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छिद्र आधी पाडावे, आकार नंतर द्यावा. वरच्या टोकाला इंचभर खोल छिद्र पाडून टेलस्टॉकचा निमुळता सेंटर त्याच छिद्रात बसवला, की बाहेरचा गोल छिद्राभोवतीच उतरतो आणि मेणबत्ती मधोमध उभी राहते. उंची सहा इंच ठेवली तर बूड निदान तीन इंचांचे हवे. बुडाची खालची बाजू मध्ये किंचित खोलगट करावी, म्हणजे स्टँड डुगडुगत नाही.

लेथ चालू असताना हातमोजे घालू नयेत, ओढणी आणि केस बांधलेले असावेत. कंपनीतला हा नियम इथेही तोच. चष्मा आणि तोंडाला फडकेही हवे. शिसवीचा भुसा काहींना बाधतो.

रंगाचे म्हणाल तर सावंतवाडीची लाकडी फळे आणि खेळणी आठवा. तिथले कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाने लाख वितळून चढते आणि केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी येते. खेळण्यावर हे फारच शोभते. पण लाख उष्णतेने मऊ होते, त्यामुळे स्टँडला ती कमरेला आणि बुडाला लावावी. तोंडाजवळ लाकूड कोरेच ठेवावे.

आणि छिद्रात धातूची वाटी बसवल्याशिवाय स्टँड कुणाच्या हाती देऊ नये. पितळेची असो की साध्या पत्र्याची, तिचा काठ बाहेर वळलेला हवा. मेणबत्ती संपत आली की ज्योत खाली उतरते आणि लाकडाला भिडते. वाटी तिला अडवते. नुसत्या छिद्राचे देखणे स्टँड बाजारात मिळतात, ते आम्ही घरात ठेवणार नाही. वाटी असली तरी घराबाहेर पडताना मेणबत्ती विझवावीच.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला किंवा वैशाख पौर्णिमेला असे दहा-बारा स्टँड सहज विकले जातील. त्यासाठी पाळी सोडू नये, सुटीचा दिवस पुरतो. मात्र मेणबत्त्या एका जाडीच्या नसतात. आधी किराणा दुकानातून मेणबत्तीचा पुडा आणावा, वाटी तिच्या मापाची घ्यावी आणि मग त्या वाटीवरून बिट निवडावे.