खरेदीदारा, सावध!

धाकट्या भावाच्या ट्रॅक्टरसाठी जुना हायड्रॉलिक पंप आणायला मी गेलो, घरात बी.कॉम. मी एकटाच ना! पंपावर ताजा रंग, रंगाखाली तडा, तड्यात लांबी. त्याने नांगर उचलला नाही, मला मात्र उचलले.

वकील म्हणतात, १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम १६ बघा. विकणारा त्या मालाचा व्यापारी नसेल तर दर्जाची हमी गृहीत नाही. म्हणजे दुकानात बसला तर बांधलेला, अंगणात बसला की मोकळा! आणि सावध राहायचे कोणी? ज्याला पंपाचे पोट दिसत नाही त्याने! तडा लपवणे ही फसवणूकच, पण सिद्ध मी करायची.

पावती मागितली होती हो. ‘घरच्या माणसांत कसली पावती, साहेब?’ म्हणाला. व्हाउचरवर सही नाही म्हणून शिपायाचे चहाचे पैसे अडवणारा मी, चक्क लाजलो!