देवालय, चहा आणि मराठीचा अभ्यासक्रम

पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनविषयी मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला बहुधा एकच गोष्ट ठाऊक असते, आणि ती चहाची असते. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथे एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. व्याख्यान संपल्यावर यजमानांनी चहा पुढे केला. कोणी तो घेतला, कोणी भिडेखातर पेला नुसता हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी पुढे ‘पुणे वैभव’ पत्रातून उपस्थितांची नावे छापवून आणली आणि सनातन्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. त्या यादीत टिळक होते, रानडे होते, गोखले होते. मग शंकराचार्यांकडे फिर्याद, शास्त्र्यांची चौकशी, ग्रामण्य, बहिष्काराची टांगती तलवार आणि अखेर प्रायश्चित्त. आपण काशीत प्रायश्चित्त घेतलेलेच आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये ते घेतले आणि आपल्याच सुधारक मित्रांची नाराजी ओढवून घेतली.

ही हकीकत खरी आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या अभ्यासात तिचे मोलही आहे. तक्रार तिच्याबद्दल नाही. तक्रार अशी की पंचहौदाकडे जाणारा आपला रस्ता या पेल्यापाशी येऊन थांबतो. या सबंध प्रकरणात ज्याची बारकाईने चर्चा झाली, तो प्रश्न ‘तिथून शुद्ध होऊन परत कसे यावे’ हा होता. तिथे कोण राहत होते, कोणत्या भाषेत प्रार्थना करीत होते, काय वाचत आणि लिहीत होते, याची चौकशी ना शास्त्र्यांनी केली ना सुधारकांनी. इतपत समजून घेता येते. त्यांच्यापुढचा पेच निराळा होता. पण सव्वाशेहून अधिक वर्षे उलटल्यावर मराठीचे प्राध्यापक म्हणवणारे आपणही त्याच चौकशी समितीचे सभासद असल्यासारखे वागतो, याचे समर्थन कसे करायचे?

आधी वाटेविषयी. पुण्यात ‘चर्च’ म्हटले की सुशिक्षित माणसाचे बोट कँपाकडे जाते. कँपातली चर्चे लष्कराबरोबर आली. सेंट मेरीज चर्चचे समर्पण १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते झाले, आणि ते गोऱ्या फौजेचे प्रार्थनास्थळ होते. पण शहराचा इतिहास एवढ्याने संपत नाही. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च १७९२ चे आहे. सवाई माधवराव पेशव्यांनी त्यासाठी जागा दिली, कारण त्यांच्याच सैन्यात गोव्याकडचे ख्रिस्ती अधिकारी आणि शिपाई होते. म्हणजे इंग्रजी अंमल येण्याच्या पाव शतक आधी, पेशवाईच्या राजधानीत, पेशव्यांच्या संमतीने ख्रिस्ती उपासना चालू होती. आणि पंचहौदाचे ‘पवित्र नाम देवालय’ तर पेठेतच आहे. मंडईपासून पूर्वेला चालू लागले, शुक्रवार पेठ ओलांडली की गुरुवार पेठ येते. वाड्यांच्या आणि दुकानांच्या गर्दीवर त्याचा उंच घंटामनोरा उठून दिसतो. जोतीराव फुल्यांचा वाडा तिथून चालत काही मिनिटांवर आहे. नारायण पेठेतल्या केसरीवाड्यापासून निघालेला माणूसही पायी अर्ध्याएक तासात पोहोचतो. अंतर हे न जाण्याचे कारण होऊ शकत नाही.

या पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या मुलांसाठी जोतीरावांनी १८५२ मध्ये शाळा काढली ती या वेताळ पेठेत. पवित्र नाम देवालयाचे समर्पण १८८५ चे. एक ग्रामदैवत, एक शाळा आणि एक देवालय एवढ्याशा परिघात येतात, याचा काही अर्थ साहित्याच्या अभ्यासकाला लागायला हवा. शहराच्या मध्यवस्तीत ज्यांना बसायला जागा नव्हती, त्यांच्या वस्तीच्या आसपासच नव्या शब्दांना जागा मिळाली, असा तो अर्थ आहे.

‘देवालय’ हा शब्दच पाहा. या इमारतीच्या नावात चर्च नाही, देवालय आहे. मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्या धर्मव्यवहारासाठी घडवलेली किंवा नव्याने वापरात आणलेली शब्दसंपदा ही या भाषेच्या इतिहासातली एक मोठी घडामोड आहे : शुभवर्तमान, प्रभुभोजन, पवित्र शास्त्र, मंडळी, पाळक. यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द आधीचाच आहे आणि तरीही नवा आहे. ‘मंडळी’ हा घरगुती शब्द उपासकांच्या समुदायाला लावताना त्याचे काय झाले, गुराख्याच्या व्यवहारातला ‘पाळक’ धर्मगुरूच्या पदाला कसा पोहोचला, हे प्रश्न भाषाविज्ञानाच्या तासाला सहज विचारता येतील. आपण ते विचारत नाही. फार्सी शब्दांच्या प्रभावावर आपण तासन् तास बोलतो, इंग्रजीच्या आक्रमणावर परिसंवाद भरवतो. मराठीने ख्रिस्ती अनुभव स्वतःच्या घरातल्या शब्दांत कसा सामावून घेतला, हे मात्र आपल्या नोंदवहीत येत नाही.

नोंदवहीत जे येते त्याचे शीर्षक ठरलेले असते : ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’. एक घटक, दोन-तीन तास, परीक्षेत टीप लिहा. फादर स्टीफन्सचे १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’, बाबा पदमनजींची १८५७ ची ‘यमुनापर्यटन’, रेव्हरंड टिळकांच्या निसर्गकविता, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’. ‘यमुनापर्यटन’ला पहिली मराठी कादंबरी म्हणून मान द्यायचा आणि ‘पण ती प्रचारकी आहे’ म्हणून तो लगेच काढूनही घ्यायचा. ‘स्मृतिचित्रे’ डोक्यावर घ्यायचे, पण ते ख्रिस्ती झालेल्या बाईचे आत्मचरित्र आहे हे जणू अपघाताने घडले, अशा रीतीने वाचायचे. नारायण वामन टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले आणि पतीच्या मागे लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. ज्या बाईच्या गद्यावर आपण लुब्ध आहोत, तिने इतकी वर्षे ओवीत काय लिहिले, हे पाहण्याची उत्सुकतासुद्धा आपल्याला होत नाही. आवडत्या लेखिकेचे नावडते पुस्तक न उघडता बाजूला सारणे ही कसली रसिकता?

यावर तीन आक्षेप ठरलेले असतात.

पहिला असा की हे मिशनरी वाङ्मय आहे, त्यामागे राज्यकर्त्यांचे बळ आणि धर्मांतराचा हेतू होता. होता. तो झाकण्याचे काहीच कारण नाही. पण हेतू ठाऊक असणे हा वाचनाचा आरंभ असतो, शेवट नव्हे. आणि पंचहौदाच्याच परिवारातला इतिहास या आक्षेपाला सोपे राहू देत नाही. पंचहौदात काम करणाऱ्या वाँटेज येथील भगिनींच्या आधाराने पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनी मान तुकवली का? त्यांचा पत्रव्यवहार ग्रंथरूपाने १९७७ पासून उपलब्ध आहे, तो वाचावा. आपण काय मानावे आणि कोणाची आज्ञा पाळावी, यावर त्या वडीलधाऱ्या भगिनींशी नेटाने वाद घालतात. क्रॉसवर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे विचारतात. धर्म स्वीकारला म्हणजे इंग्रजांचे सगळेच स्वीकारले असे नाही, हे त्या एकट्या, परक्या देशात, उपकारकर्त्यांच्याच घरात राहून सांगत होत्या. वसाहतवादाची चिकित्सा परदेशी ग्रंथांतून शिकवणाऱ्या आपल्या विभागांना हा पुरावा हाताशी असून दिसत नाही.

आणखी एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. चहाचा प्रसंग १८९० च्या ऑक्टोबरातला. मुंबईत १८८९ मध्ये सुरू झालेले रमाबाईंचे शारदासदन पुण्यात आले ते १८९० च्या नोव्हेंबरात. एका महिन्याच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांपैकी एक आपण चवीने सांगतो, दुसरीला ‘वादग्रस्त’ हे विशेषण लावून पुढे जातो. विधवांच्या शिक्षणाच्या घरापेक्षा पुरुषांच्या हातातला चहाचा पेला आपल्या स्मरणात अधिक ठळक राहिला. यात नुसता विसरभोळेपणा नाही. ही निवड आहे.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन गुणवत्तेचा : त्या लेखनात कला कमी, उपदेश फार. उपदेश असला म्हणजे वाङ्मय नसते, हा नियम मान्य केला तर संतवाङ्मयाचे काय करायचे? तिथे आपण भक्तीचा आशय आणि रचनेचे सौंदर्य वेगळे काढत नाही; काढता येत नाहीत हेच तर शिकवतो. मग ख्रिस्ती उपासनागीतापुढे आल्यावर निकष बदलतो कसा? ‘उपासना संगीत’ हाती घेऊन ते वाईट आहे असे कोणी सिद्ध करील, तर त्याच्याशी वाद घालता येईल. न वाचता दिलेल्या निकालाशी काय वाद घालणार?

तिसरा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही, पण सर्वांत खोल तोच आहे : ‘ते’ लोक आणि ‘त्यांची’ मराठी. ख्रिस्ती आडनावाच्या विद्यार्थ्याला ‘तुमची मातृभाषा कोणती?’ हा प्रश्न मराठीच्या वर्गात आजही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. ज्या घरात पाच पिढ्या मराठीतून प्रार्थना होते, त्या घरातल्या मुलाने मराठीत एम. ए. करणे हे आपल्याला कौतुकाचे वाटते, म्हणजेच अपवादाचे वाटते. काशीत वाढलेले, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोरे हे पुढे पंचहौदाशी जोडले गेले. षड्दर्शनांचा गाढा अभ्यास असलेल्या या पंडिताच्या पत्रांचा रमाबाईंच्या मनावर परिणाम झाला. एक शास्त्री आणि एक पंडिता, दोघांच्याही व्यासंगाचा पाया संस्कृत. ही परंपरा ‘त्यांची’ म्हणायची तर ‘आपली’ कोणती उरते?

सध्या शहरात वारसास्थळे दाखवणाऱ्या सहली निघतात, आणि त्या निघाव्यातच. पण त्यांच्यामुळे रस्ता लांबण्याचे भय आहे. मनोऱ्याची उंची, दगडाचे काम, चहाचा किस्सा, छायाचित्र, पुढचे ठिकाण. इमारत जुनी असणे एवढीच तिची किंमत ठरली, की तिथे आजही उपासनेला येणारी माणसे देखाव्याचा भाग होतात. हे देवालय वस्तुसंग्रहालय झालेले नाही. तिथे मराठी बोलली जाते, गायली जाते. ती ऐकल्यावाचून परतणारा माणूस पंचहौदात गेला, असे म्हणता येणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ हा वेगळा कप्पा मोडावा. ‘क्रिस्तपुराण’ एकनाथांच्या नंतर आणि मुक्तेश्वरांच्या शेजारी, ओवीच्या इतिहासात शिकवावे. ‘यमुनापर्यटन’ विधवांच्या प्रश्नावरच्या पुढच्या कादंबऱ्यांबरोबर वाचावी. रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर अनुवादाच्या अभ्यासपत्रिकेत यावे. मूळ हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून एका मराठी स्त्रीने केलेले ते काम आहे, आणि ते या भाषेत दुर्मिळ आहे. पुण्यातल्या मराठीच्या विद्यार्थ्याला पदवी मिळण्यापूर्वी एकदा तरी गुरुवार पेठेपर्यंत चालत पाठवावे, आणि परत आल्यावर त्याला चहाविषयी काहीही विचारू नये. तिथे कोणते शब्द ऐकलेस, एवढेच विचारावे.

प्रायश्चित्त हा शब्द या प्रकरणाला चिकटलेलाच आहे, तर तो योग्य जागी वापरू. १८९० साली जे आत गेले त्यांनी ते घेऊन झाले. आता पाळी न गेलेल्यांची आहे.