अवघड जागेचं दुखणं

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपल्याकडं कुणाला ठाऊक नाही? आमच्या मामांचा जावई डॉक्टर नाही, पण भाचा प्राध्यापक आहे, तोही मराठीचा. म्हणजे औषधपाण्याच्या कामी उपयोग शून्य. तरीही गेल्या वर्षी मामांच्या दुखण्यात मी पडलो आणि त्यातून जे कळलं ते आज वाचकांपुढं ठेवतो आहे. विषय थोडा लाजेचा आहे. पण त्या लाजेबद्दलच लिहायचं आहे.

मामा निपाणीजवळच्या खेड्यात राहतात. वय बहात्तर. उमेदीत तंबाखूच्या वखारीत कारकुनी केली. माणूस हौशी, एकही लग्न चुकवायचा नाही. पण वर्षभरात त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. विचारलं की म्हणायचे, “आता काय जमत न्हाई बघ.” शेवटी एकदा मळ्याच्या वाटेवर आम्ही दोघंच असताना म्हणाले, “आरं, रात्री पाच-पाचदा उठतोय. एस.टी.त बसलो की निम्म्या वाटंत घाम फुटतोय. ह्या वयात भर रस्त्यात गाडी थांबवा म्हणू व्हय?” ही गोष्ट त्यांनी मामींनाही धडपणे सांगितली नव्हती.

त्यांना घेऊन बेळगाव गाठलं. संकेश्वर आणि हत्तरगी अशा दोन ठिकाणी गाडी थांबवली, ते मी मुद्दाम चहाच्या निमित्तानं. डॉक्टर कन्नड भाषक. आपल्या भागात भाषेवरून किती रणं माजली ते सांगायला नको, पण त्या खोलीत भाषेची काही अडचण आली नाही. डॉक्टर मोडक्या मराठीत विचारत होते, मामा मोडक्या कानडीत सांगत होते. तपासण्या झाल्या. प्रोस्टेट वाढलं होतं. ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असणारी ग्रंथी. उतारवयात ती वाढते आणि वाट आवळते. हा कर्करोग नव्हे, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं तेव्हा मामांनी श्वास सोडला.

गोळ्या दोन दिल्या. पहिली आवळलेले स्नायू सैल करणारी, काही दिवसांत आराम देणारी. ‘ही रक्तदाबाच्या औषधांच्या नात्यातली’ असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवले. १९८०च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून त्यांनी कोकणातल्या कितीतरी लोकांचे प्राण वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या प्राझोसिनच्या जातकुळीतलीच औषधं आज प्रोस्टेटवर देतात.

दुसरी गोळी फिनास्टेराइड, ५ मिलिग्रॅम. हिचं काम सावकाश. मोठी झालेली ग्रंथी ती हळूहळू लहान करते. गुण यायला सहा महिने किंवा जास्तही लागतात. दोन्ही गोळ्या रोज एक, महिनाभराच्या तीस-तीस. येताना मामांनी घरच्यांसाठी कुंदा घेतला.

चोविसाव्या दिवशी मामांचा फोन आला. आवाज पडलेला. “बाळ, माझं डोस्कं कामातनं गेलं बघ. दुसरी गोळी संपली. मी दोन-दोनदा खाल्ली असणार आन् मला आठवत न्हाई.” बहात्तराव्या वर्षी माणसाला मरणाची भीती नसेल इतकी विसराळूपणाची असते. मी गेलो. दोन्ही पाकिटं बघितली. पहिल्या गोळीच्या बरोबर सहा शिल्लक होत्या. म्हणजे तिथला हिशेब चोख होता. विसरणारा माणूस एकाच गोळीला कसा विसरेल? फिनास्टेराइडच्या मात्र तिसातल्या सहा गोळ्या जास्तीच्या गेल्या होत्या.

उलगडा संध्याकाळी झाला. मामांचा धाकटा नातू, वय सव्वीस, मला गोठ्यामागं घेऊन गेला आणि खाली मान घालून म्हणाला, “काका, आज्ज्याला सांगू नका. गोळ्या मी घेतल्यात.”

पोराला मुली बघणं चालू आहे. कपाळाकडून केस मागं सरलेत, टाळू दिसायला लागलाय. दोन ठिकाणांहून नकार आला तो केसांमुळंच, असं त्यानं मनाशी धरलं. पुण्यातल्या एका मित्रानं त्याला केसांची गोळी सांगितली होती, तीही फिनास्टेराइडच, फक्त १ मिलिग्रॅमची. आज्ज्याच्या पाकिटावर तेच नाव वाचलं आणि त्यानं गणित केलं: एका गोळीचे चार तुकडे, रोज एक तुकडा. चोवीस दिवसांत सहा गोळ्या. गणित बरोबर, बाकी सगळं चूक.

एकच औषध आजोबांच्या लघवीला आणि नातवाच्या केसांना कसं, हा प्रश्न मलाही पडला. त्याची गोष्ट दूरदेशी सुरू होते. कॅरेबियन समुद्रातल्या डोमिनिकन प्रजासत्ताकात सालिनास नावाचं गाव आहे. तिथल्या काही घराण्यांत जन्मतः मुलीसारखी दिसणारी काही मुलं वयात येताना मुलगे होत. डॉ. ज्युलियन इंपेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक जोरकस संप्रेरकात रूपांतर करणारं विकर त्यांच्यात कमी होतं. या माणसांचं प्रोस्टेट मोठेपणीही लहान राहायचं आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं. तेच विकर अडवणारं औषध मर्क कंपनीनं बनवलं. प्रोस्टेटसाठीच्या ५ मिलिग्रॅमला अमेरिकेत १९९२ साली परवानगी मिळाली, केसांसाठीच्या १ मिलिग्रॅमला १९९७ साली.

वाचकांच्या आता लक्षात आलं असेल की धोका कुठं आहे. हे संप्रेरक मोठेपणी प्रोस्टेट वाढवतं आणि टक्कल पाडतं खरं, पण आईच्या पोटात मुलग्याचे अवयव नीट घडायला तेच लागतं. म्हणून गरोदर बाईनं या गोळीचा तुकडा किंवा चुरा हाताळायचा नसतो. अखंड गोळीवर आवरण असतं, फोडली की ते जातं.

मी नातवाला विचारलं, “तुकडे कशानं करत होतास?”

“मी न्हाई काका. वहिनी करून देत हुती. आज्ज्याच्या अडकित्त्यानं.”

घरात त्यानं विश्वासानं सांगितलं होतं ते फक्त वहिनीला. आणि वहिनीला पाचवा महिना लागला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन बेळगावला गेलो. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. बोटांना लागलेल्या चुऱ्यातून औषध पोटात जायचं प्रमाण फार थोडं, घाबरू नका, पण पुन्हा हात लावू नका आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत ही गोष्ट सांगा, म्हणाल्या. धोका असतो तो मुलग्याच्या गर्भाला. आणि पोटात मुलगा की मुलगी हे सांगायला आपल्याकडं १९९४च्या कायद्यानं बंदी आहे, ती योग्यच आहे. पण त्यामुळं पुढचे चार महिने ती पोर काळजीचं ओझं घेऊन वावरली. सगळं कशापायी? तर एका सव्वीस वर्षांच्या मुलाला ‘माझे केस गळतात’ हे डॉक्टरला सांगायची लाज वाटली.

नातवाची तपासणी झाली तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. तीन आठवडे तो गप्प-गप्प होता, झोप उडाली होती. आम्हाला वाटलं नकारामुळं. तसंही असेल. पण डॉक्टरांनी सरळ विचारलं, कारण या गोळीनं थोड्या लोकांची कामेच्छा कमी होते, लैंगिक अडचणी येतात, आणि क्वचित त्या गोळी बंद केल्यावरही रेंगाळतात. काहींना नैराश्य येतं. आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०२५ साली नोंदवलं. तशा बहुतेक तक्रारी केसांसाठी १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आहेत. बहुतेकांना काही होत नाही हेही खरं. पण ज्याला होतं त्यानं गोळी थांबवून डॉक्टरकडं जायला हवं, आणि त्यासाठी ते कशानं होतंय हे त्याला माहीत तरी हवं. पाकिटातला कागद इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. तोही आज्ज्याच्या पाकिटात.

शिवाय प्रत्येक टक्कल या गोळीचं नसतंच. २०२४च्या डिसेंबरात बुलढाण्याच्या शेगाव भागातल्या गावांत माणसांचे केस अचानक गळायला लागले, बायका-मुलांचेसुद्धा. डॉ. बावस्करांनी तिथं जाऊन नमुने तपासून घेतले आणि गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. तिथं फिनास्टेराइड खाऊन काय झालं असतं? आधी कारण, मग औषध. आणि ही गोळी लागू पडली तरी केस टिकतात ते ती चालू असेपर्यंतच. बंद केली की वर्षभरात पहिले पाढे पंचावन्न.

मामांनाही डॉक्टरांनी एक ताकीद दिली, ती आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय घेण्यासाठी रक्ताची ‘पीएसए’ तपासणी करतात. ही गोळी काही महिने घेतल्यावर तो आकडा साधारण निम्म्यावर येतो. डॉक्टरला गोळी माहीत असेल तर तो आकडा दुप्पट धरून वाचतो. माहीत नसेल तर ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळा होतो. आपण सीमेवरची माणसं एकदा बेळगावला दाखवतो, एकदा कोल्हापूरला, आणि इकडचा कागद तिकडं दाखवत नाही. केसांसाठी १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांनाही हेच लागू. रक्तदान करणाऱ्या तरुणांनीही लक्षात ठेवावं: ही गोळी घेत असाल तर शिबिरात सांगा. शेवटच्या गोळीनंतर निदान महिनाभर रक्त द्यायचं नसतं, कारण ते एखाद्या गरोदर बाईला जाऊ शकतं.

घरी परतल्यावर मामांना सगळं सांगावंच लागलं. मला वाटलं चिडतील. ते बराच वेळ गप्प बसले आणि नातवाला म्हणाले, “म्हंजी माझं डोस्कं शाबूत हाय तर! आरं, मला इचारायचं हुतंस की. माझं तर तुझ्यापेक्षा लवकर गेलं हुतं.” आणि डोक्यावरची टोपी काढून दाखवली. आजोबा-नातू एका छपराखाली एकच गोळी खात होते आणि एकमेकांना चोरून झुरत होते. भाषेसाठी आपण रस्त्यावर उतरतो, पण या बाबतीत आपल्या तोंडाला कुठलीच भाषा फुटत नाही.

माघात मुलगी झाली, गुटगुटीत. पेढे की बर्फी हा वाद नको म्हणून मामांनी गावभर कुंदा वाटला, स्वतः हिंडून. आता रात्री ते एकदाच उठतात. नातवानं गोळी बंद केली, झोप सुधारली. मुली बघणं अजून चालू आहे, टोपी न घालता.

राहिलो मी. त्या दिवशी उठता उठता डॉक्टरांनी विचारलं होतं, “सर, तुमचं वय किती? रात्री उठावं लागतं काय?” मी चटकन ‘नाही’ म्हणालो. वाचकहो, ते खोटं होतं. गेलं वर्षभर मी दोनदा उठतो आहे. हा लेख लिहून झाल्यावर हिला सांगितलं. येत्या शनिवारी बेळगावला जातो आहे. मामा म्हणाले, “मी येतो सोबतीला. चहाला दोनदा थांबू.”