भाड्याचे, पण हक्काचे

शहरात भाड्याने राहणाऱ्या गरीब माणसाचे वय वाढते तसे उत्पन्न आटत जाते. भाडे मात्र दर करारागणिक चढते. दुकानातला नोकर, शिंपी, वॉचमन, चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांच्या आयुष्यभराच्या कमाईतून स्वतःचे घर झालेले नसते. साठी उलटली की काम सुटते किंवा अर्ध्यावर येते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखालचे (ईपीएस-९५) किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरले. राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून निराधार वृद्धांना महिना १,५०० रुपये मिळतात. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत वस्तीतल्या एका खोलीचे भाडेही या रकमांच्या कितीतरी पट असते.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढची माणसे सुमारे १ कोटी ११ लाख होती. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ पोहोचले होते. त्यानंतर ते वाढतच गेले आहे. त्यांतल्या ज्यांच्यापाशी ना मालकीचे घर, ना पुरेसे निवृत्तिवेतन, त्यांना परवडेल असे भाड्याचे घर हा विषय गृहनिर्माणाच्या चर्चेत फार क्वचित येतो. दिवाळी हा घराचा सण आहे. म्हणून यंदाच्या अंकाच्या आरंभी या विषयाची मांडणी केली आहे.

गरिबांना भाड्याने घर देणे हे मुंबईत एकेकाळी सरकारचे काम मानले जात असे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने कष्टकऱ्यांसाठी चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. पण घरमालक सरकार होते. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळानेही भाड्याची घरे बांधली. सोयी तोकड्या असल्या तरी या घरांत माणसाला म्हातारे होता येत असे. भाडेपावती नावावर असली की उठवले जाण्याची धास्ती नव्हती. आजारपणात शेजारी धावून येत, दवाखाना आणि रेशनचे दुकान ओळखीचे असे.

खासगी चाळींत हीच निर्धास्ती १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने दिली. त्याने भाडी १९४० च्या पातळीवर रोखली. भाडेकरू टिकला, पण त्या भाड्यात दुरुस्तीचा खर्च निघेना. मालकांचे इमारतींकडे दुर्लक्ष झाले, भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे जवळपास थांबले आणि पागडीचा व्यवहार फोफावला. पडायला आलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये वेगळ्या मंडळाचा कायदा करावा लागला. त्याच्या कक्षेत १९,६४२ उपकरप्राप्त इमारती आल्या.

मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली आणि पागडीला कायदेशीर मान्यता दिली. भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्कही त्यात आहे. नवऱ्याच्या नावावर पावती असलेल्या विधवेसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. मात्र आज नव्याने घर भाड्याने घेणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. त्याचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि मुदत संपताच घर रिकामे करून घेण्याची जलद प्रक्रिया मालकाला उपलब्ध असते. तरुण भाडेकरूला दर वर्षी डिपॉझिट, दलाली आणि टेम्पोचा खर्च सोसावा लागतो, हे खरे. पण सत्तरीच्या माणसाचे घर बदलले की डॉक्टर, ओळखीचा किराणावाला आणि सोबतीची माणसेही सुटतात. शिवाय एकट्या वृद्धाला घर देताना मालक कचरतात. आजारपण किंवा मृत्यू घरात घडला तर जबाबदारी कोणाची, ही त्यांची भीती असते.

भाड्याच्या घरांचे प्रमाण देशभरातच घटले. १९६१ मध्ये शहरी कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक भाड्याच्या घरांत राहत. २०११ मध्ये हे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवर आले. त्याच जनगणनेत शहरांतली सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. यामागे धोरण आहे. सरकारने हळूहळू घरमालकाची भूमिका सोडली आणि मालकीची घरे देणे हेच गृहनिर्माणाचे उद्दिष्ट झाले. २००८ मध्ये एमएमआरडीएने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या खोल्यांची योजना आणली, बिल्डरांना त्यासाठी जादा एफएसआय दिला. काही वर्षांतच धोरण बदलले. पनवेलजवळच्या कोन येथे बांधलेली घरे गिरणी कामगारांच्या सोडतीत मालकीने देण्यात आली. गिरणी कामगारांचा हक्क निर्विवाद होता, पण भाड्याच्या घरांचा साठा तयार होता होताच आटला.

गरीब वृद्धांसाठी आज जे पर्याय सांगितले जातात, ते या गरजेला पुरे पडत नाहीत. मालकीच्या घरासाठी कर्ज लागते आणि अडुसष्टाव्या वर्षी वीस वर्षांचे कर्ज कोणी देत नाही. पुण्यातील ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांच्या वसाहतींनी उतारवयातल्या घराचा चांगला विचार केला आहे, पण ती घरे मध्यम आणि वरच्या उत्पन्न गटाच्या आवाक्यातली आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. ज्यांना रोजची शुश्रूषा लागते त्यांच्यासाठी वृद्धाश्रम आवश्यकच आहेत. पण जी म्हातारी स्वतःची भाकरी स्वतः करू शकते, तिला केवळ भाडे परवडत नाही म्हणून स्वतःची चूल सोडून सामाईक खोलीतल्या खाटेवर जावे लागू नये.

यावर एक उत्तर अमेरिकेत सापडते. तिथे १९५९ च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम २०२ नुसार बासष्टीपुढच्या, अत्यल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी भाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या. बांधकामासाठी धर्मादाय संस्थांना सरकारी भांडवल मिळते. १९९० नंतरच्या पद्धतीत, चाळीस वर्षे ती घरे वृद्धांसाठीच राखली तर ते भांडवल परत करावे लागत नाही. भाडेकरू आपल्या हिशेबी उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के भरतो, उरलेला खर्च अनुदानातून भागतो. मागणीच्या मानाने घरे अपुरी असल्याने प्रतीक्षा यादी लांब असते, पण तत्त्व स्पष्ट आहे : भाडे बाजारावरून न ठरता भाडेकरूच्या ऐपतीवरून ठरते.

महाराष्ट्रात हे तत्त्व आणण्यासाठी पाया तयार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणाने ज्येष्ठांच्या घरांची दखल घेतली आहे. पुढची पावले नेमकी हवीत. म्हाडा आणि महापालिकांना पुनर्विकासातून जी घरे मिळतात, त्यांतला ठरावीक हिस्सा कायम भाड्याने ठेवावा आणि विक्रीच्या सोडतीतून वगळावा. भाडे उत्पन्नाच्या ठरलेल्या हिश्श्याइतके असावे. दुरुस्तीची तरतूद आरंभीच वेगळी काढावी, नाहीतर जुन्या चाळींची गत नव्या इमारतींना येईल. करार हयातभराचा असावा आणि पतीपत्नींपैकी मागे राहणाऱ्याकडे तो आपोआप जावा.

घर लहान चालेल; पण तळमजला किंवा चालणारी लिफ्ट, कमोड, न्हाणीघरात धरायला दांडा, न घसरणारी फरशी आणि व्हीलचेअर जाईल एवढे रुंद दार या गोष्टी बांधतानाच हव्यात. जागा शक्यतो वृद्धांच्या राहत्या वॉर्डातच, बसथांब्यापासून आणि महापालिकेच्या दवाखान्यापासून चालत जाण्याजोगी असावी. दूरच्या माळावर बांधलेली इमारत स्वस्त पडते, पण तिथे वृद्ध एकटे पडतात. वृद्धांची घरे इतर कुटुंबांच्या इमारतींतच मिसळून असली, तर जिन्यावर मुलांचा वावर राहतो आणि अडीअडचणीला हाक ऐकणारे कोणी असते.

ज्यांनी या शहरांची घरे बांधली, झाडली आणि राखली, त्यांना त्याच शहरात छप्पर मिळवण्यासाठी घराचे मालक व्हावे लागू नये. भाडेकरू म्हणून निश्चिंत राहता येणे एवढे पुरेसे आहे आणि तेवढी हमी देण्याची ऐपत या राज्यापाशी नक्कीच आहे.